गोधड्यांच्या गल्लीतली हवा

हवा चांगली होती आणि आईचं डोकं दुखत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मंजुळाला कळत नव्हतं.

हवा चांगली आहे, असं भिंतीवरचा दिवा सांगत होता. दिवा हिरवा असला की हवा चांगली, पिवळा झाला की जपा, आणि लाल झाला की पळा. मंजुळाच्या अकरा वर्षांच्या आयुष्यात तो दिवा एकदाही पिवळा झाला नव्हता. आणि आई मात्र रोज सकाळी उठायची ती कपाळाला फडकं बांधूनच.

मंजुळाची वस्ती चंद्रावर होती, म्हणजे खरं तर चंद्राच्या पोटात. फार पूर्वी तिथून तापलेला लाव्हारस वाहून गेला आणि मागे एक लांब, पोकळ बोगदा उरला. त्याची दोन्ही तोंडं बंद करून माणसांनी आत हवा भरली आणि एक प्रचंड दालन तयार केलं. तीनशे पावलं लांब, साठ पावलं रुंद. छत इतकं उंच, की वर टाकलेली हाक परत यायला जरा वेळ लागायचा. त्यात राहायची दीडशे माणसं.

एवढ्या मोठ्या दालनात भिंती नव्हत्या. भिंती होत्या त्या गोधड्यांच्या. पृथ्वीवरून येताना प्रत्येकाला एक किलो मायेचं सामान (म्हणजे कामाचं नाही, नुसतं जिवाला हवं असतं ते) आणायची मुभा होती. बहुतेक बायकांनी जुनी लुगडी, साड्या, सासऱ्याचं धोतर, लेकराचं झबलं असलंच काहीबाही आणलं. इथे आल्यावर त्याच्या गोधड्या झाल्या, आणि दोऱ्यांवर टांगून त्यांच्या खोल्या झाल्या. नवं कुटुंब आलं की शेजारणींनी मिळून एक गोधडी शिवायची आणि घरभरणीला त्यांच्या दोरीवर टाकायची, अशी रीतच पडली. वर्षं गेली, कुटुंबं वाढली, गोधड्यांवर गोधड्या चढल्या. घरांच्या चार रांगा झाल्या, रांगांमध्ये गल्ल्या झाल्या.

मंजुळाचं घर तिसऱ्या रांगेत. तिच्या आईने, गिरिजाने, तर घराला छतसुद्धा गोधडीचंच केलं होतं. गिरिजाच्या आईच्या हिरव्या लुगड्याची ती गोधडी. "एवढ्या उंच पोकळीखाली मला झोप लागत नाही," ती म्हणायची. "वर आभाळ असेल तर ठीक. हे ना आभाळ, ना आढं."

गिरिजा साताऱ्याकडच्या एका उघड्या माळावरची. तिथे वारा इतका, की वाळत घातलेलं धुणं शेजारच्या गावात सापडायचं. धावदोरा घालता घालता ती गुणगुणायची:

माळावरला वारा, माझा पाठीचा गं भाऊ
पदर ओढी, म्हणे, चल बहिणी, घरी जाऊ

मंजुळाने वारा कधी पाहिला नव्हता. म्हणजे अंगावर घेतला नव्हता.

त्या दिवशी डॉक्टर नसरीन मुजावर घरी आल्या. वस्तीत डॉक्टर त्या एकट्याच. त्यांनी आईची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि खाली बसल्या.

"गिरिजाताई, तीन औषधं झाली. तिसऱ्यानेही उतार नाही. काही जणांना चंद्र मानवतच नाही, त्यात तुमचा दोष नाही. नऊ दिवसांनी यान पृथ्वीकडे निघतंय. तोवर डोकेदुखी थांबली नाही, तर मला तुमचं नाव यादीत घालावं लागेल."

"आणि मंजी?" आईने विचारलं.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या वजनाचा सहावा हिस्सा. इथे जन्मलेल्या मुलांची हाडं त्या हलक्या वजनाला सरावलेली. पृथ्वीवर उतरायचं, तर आधी दोन वर्षं रोज वजनाचं जाकीट घालून हाडं घट्ट करावी लागतात. बाबा बर्फाच्या खाणीवर कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी येणारे. म्हणजे आई एकटी जाणार.

मंजुळाने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. ते विझलेलं नाही, ते उजळलेलंच मंजुळाला टोचलं.

ती उठली आणि थेट आप्पांकडे गेली.

आप्पा म्हणजे तिच्या बाबांचे वडील. या दालनाची हवा त्यांनीच बसवली होती. हवा कुठून आत यावी, कुठून बाहेर जावी, याचं गणित त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी मांडलं होतं, आणि आपल्या गणिताचा त्यांना भारी अभिमान.

"आप्पा, आपली हवा खराब आहे का?"

"कोण म्हणतं?" आप्पा ताडकन उठले. इथल्या हलक्या वजनात ताडकन उठलं की माणूस वीतभर वर जातो, तसे ते गेले आणि सावकाश खाली आले. "दिवा बघ. हिरवागार! खालचा आकडाही बघ. दहा हजार भाग हवा घेतली, तर त्यात कार्बन डायऑक्साइड (आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो तो वायू) फक्त वीस भाग. एवढ्याने मुंगीचंसुद्धा डोकं दुखायचं नाही."

"पण तो दिवा कुठली हवा मोजतो?"

"दालनातली."

"दालनात कुठली?"

आप्पांनी बोट वर केलं. समोरच्या लांब भिंतीवर, अगदी छताला लागून, एक मोठी जाळी होती. वापरलेली हवा तिथून ओढली जायची, यंत्रात स्वच्छ व्हायची आणि अलीकडच्या भिंतीच्या पायाशी असलेल्या बारीक फटींतून परत आत यायची. मोजणारं यंत्र त्या जाळीत बसवलेलं होतं. "सगळी हवा शेवटी तिथूनच जाते ना, म्हणून."

"पण आप्पा," मंजुळा म्हणाली, "तिथे वर कुणी झोपत नाही."

आप्पांनी नातीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच यानातून उतरली आहे.

"जा," ते म्हणाले, "आईच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेऊन ये. आणि एक काठी."

काठीच्या टोकाला त्यांनी हातभर दोरा बांधला. "हवा दिसत नाही. पण ती ज्याला ढकलते ते दिसतं. काठी धरून सावकाश चाल. मी खडूने जमिनीवर बाण काढतो. दोरा जिकडे उडेल, तिकडे बाणाचं तोंड."

फटींपाशी दोरा आडवा झाला, मांजराच्या शेपटीसारखा वळवळला. मंजुळा चार पावलं पुढे गेली. समोर पहिल्या रांगेतल्या गोधड्यांची भिंत आली, आणि दोऱ्याने एकदम तोंड वर केलं. सरळ छताकडे.

"असं कसं?" मंजुळा म्हणाली. "हवा आत यायची सोडून वर पळतेय!"

आप्पा खडू घासत राहिले. दुसऱ्या गल्लीत दोरा जेमतेम हलला. तिसऱ्या गल्लीत नुसता थरथरला. मंजुळा आपल्या घरात शिरली, आईच्या उशीपाशी काठी धरली, शंभर आकडे मोजले. दोरा लोंबतच राहिला.

एका कोपऱ्यात बाबांनी पाठवलेला छोटा पंखा होता. तो लावल्यावर दोरा गरगर फिरू लागला.

"फिरतोय की!" मंजुळा ओरडली.

"फिरतोय, पण जातोय कुठे?" आप्पा म्हणाले. "आमटीत मीठ जास्त झालं, तर पळीने ढवळून खारटपणा कमी होतो का गं? ढवळणं वेगळं आणि बदलणं वेगळं. पंखा खोलीतली हवा ढवळतो. वायुवीजन (वापरलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी ताजी आणणं) त्याच्याने होत नाही. त्याला आत यायची वाट लागते, बाहेर जायची वाट लागते, आणि त्या दोन्हींच्या मधे माणूस लागतो. माणसाला वळसा घालून हवा गेली, तर ती असून नसल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी सकाळची घंटा होताच, आई उठायच्या आधी, आप्पांनी हवा मोजायचं हातातलं मापक तिच्या उशीपाशी धरलं. आकडा पाहून ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

वीस नाही. दहा हजारांत ब्याण्णव.

"दिवा खोटं बोलतो?" मंजुळाने कुजबुजत विचारलं.

"नाही, बाळ. दिवा खरंच बोलतो, पण स्वतःपुरतं. ताजी हवा गोधड्यांवर आपटते, वर वळते, छताखालून सरळ जाळीत जाते. न वापरताच. ती जाळीत पोचते तेव्हा स्वच्छच असणार ना! म्हणून दिवा हिरवा. आणि इथे खाली, तुझी आई रात्रभर आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेते."

"पृथ्वीवर असं होतं?"

"तिथे जरा सुटका असते. आपला श्वास उबदार असतो, आणि उबदार हवा हलकी. जड, गार हवा खाली सरकते आणि हलकीला वर लोटते. याला अभिसरण (गरम-गार फरकाने हवेचं आपोआप फिरणं) म्हणतात. पण हे सगळं घडवतं कोण? वजन. इथे वजनच सहावा हिस्सा, तर हलकं आणि जड यांतली ओढाताणही तेवढीच लेचीपेची. श्वास नाकापाशीच रेंगाळतो. म्हणून इथे हवेला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं."

आई उठून बसली होती. कपाळाला फडकं, डोळे लाल. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे माझ्या गोधड्यांनी माझं डोकं दुखवलं, असं म्हणता, आप्पा?"

"नाही, गिरिजा. माझ्या गणिताने दुखवलं." आप्पा खाली बसले. "मी रिकाम्या दालनाची हवा मोजली. मोकळी फरशी, चार खांब. त्यात माणसं येतील, त्यांना आडोसा लागेल, आठवणी टांगायला दोऱ्या लागतील, हे माझ्या कागदावर नव्हतंच. तेवीस वर्षं त्या दिव्याकडे बघून मी खूश होत आलो."

आपल्या सासऱ्यांना इतकं खाली बघताना गिरिजाने कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "चहा टाकते. मग काय करायचं ते सांगा."

करायचं होतं ते सोपं होतं. सगळ्या गोधड्या जमिनीपासून हातभर वर उचलायच्या, म्हणजे ताजी हवा खालून सरपटत प्रत्येक घरात शिरेल, माणसांचा श्वास घेऊन वर जाईल आणि मग जाळी गाठेल. आई आणि मंजुळाने आपल्या भिंती लगेच उचलून बांधल्या. आणि दोऱ्याला काही फरक पडला नाही. तो लोंबतच राहिला.

"आधीच्या दोन रांगांनी वाट सोडली, तर हवा इथवर येणार ना," आप्पा म्हणाले.

मग मंजुळा घरोघरी फिरली. काठी आणि दोरा घेऊन. जमिनीवरचे बाण दाखवून. अनेकांनी कबूल केलं, की हो, आमचंही डोकं सकाळी जड असतं, आम्हाला वाटलं वयाने. गोधड्या एकेक करून वर चढू लागल्या. अडल्या त्या फक्त शेवंताकाकू. त्यांचं घर पहिल्या रांगेच्या अगदी मधोमध, फटींच्या समोर. त्यांनी तर गोधड्यांच्या खालच्या काठांना दगड बांधले होते.

"उचलायची? वा गं वा!" शेवंताकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि येणाऱ्याजाणाऱ्याने माझे पाय बघत बसायचं?"

"काकू, तुमच्या पायांना कोण बघतंय?"

"का? वाईट आहेत का माझे पाय?"

मंजुळाला हसू आलं, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी चटईवर बसून पाय पुढे केले. बोटं वाकडी, गाठी आलेली. "मंजे, त्या फटीतली गार हवा रात्रभर या हाडांत शिरते. संधिवात आहे मला. तुझ्या आईचं डोकं, तसे माझे पाय. आता सांग, कुणाचं दुखणं धाकटं?"

मंजुळा घरी आली आणि आईला सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. यान निघायला सहा दिवस उरले होते.

आई धुतलेले कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले.

"मंजी, तू एवढी धडपडतेस ती कशासाठी? माझं डोकं दुखायचं थांबावं म्हणून, की मी जाऊ नये म्हणून?"

"तुला जायचंय का?" मंजुळाने विचारलं. तीन दिवस मनात अडकलेला प्रश्न शेवटी बाहेर पडला.

आईने खोटं सांगितलं नाही. "हो. जायचंय. रोज जायचंय. अंगाला वारा लागून चौदा वर्षं झाली, गं. इथली हवा एका चालीने वाहते. कधी रुसत नाही, कधी पिसाळत नाही, कुठूनही कसला वास आणत नाही. माझ्या माळावरचा वारा पावसाच्या आधी येऊन सांगायचा, की पाऊस निघालाय. डॉक्टर यादीचं बोलल्या, तेव्हा एका क्षणासाठी मला त्या वाऱ्याचा वास आला."

मंजुळा हुंदका आवरत होती.

"आणि दुसऱ्या क्षणी," आई म्हणाली, "माळावर मी एकटीच उभी दिसले. तू नव्हतीस. मग तो वारा कसला, नुसता कपडे वाळवायचा." तिने मंजुळाला जवळ ओढलं. "वारा हवाय मला. पण तुझ्याबरोबर."

मग आईने वर पाहिलं. हिरव्या लुगड्याचं छत घरावर डोळे झाकल्यासारखं पसरलं होतं.

"भिंती वर केल्या तरी हे असेपर्यंत श्वासाला वर जायची वाट नाही, नाही का?"

"नाही," मंजुळा हळूच म्हणाली. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिची बोलायची छाती झाली नव्हती.

आईने स्टुलावर चढून चारही गाठी सोडल्या. गोधडी सावकाश, चंद्रावर सगळं पडतं तशी, तरंगत खाली आली. आईने ती हुंगली. घडी केली. आणि घडी उराशी धरून ती थेट पहिल्या रांगेत गेली.

"काकू," ती म्हणाली, "ही रोज पायांवर घ्या. चार पदरी आहे, आत जुनी लोकर आहे. गार लागायचं नाही."

"अगं, ही तुझ्या आईची ना? छताची?"

"गोधडी कुठे छताला असते, काकू? पांघरायलाच शिवली होती तिने. मीच तिला वर टांगून ठेवली."

शेवंताकाकूंनी गोधडी पायांवर ओढली. हात फिरवत टाके चाचपले. मग म्हणाल्या, "मंजे, उभी काय राहिलीस? त्या दगडांच्या गाठी सोड. माझ्याने वाकवत नाही." आणि मंजुळा खाली वाकली तशा पुढे म्हणाल्या, "आणि गल्लीत सांगून ठेव, पाय बघायचे तर चपला काढून बघा."

त्या संध्याकाळी काठी घेऊन मंजुळा पुन्हा फिरली. मागे आप्पा, त्यांच्या मागे अर्धी वस्ती. पहिल्या गल्लीत दोरा गोधड्यांच्या खाली वाकून आत शिरला. दुसऱ्या गल्लीत हलला. तिसऱ्या रांगेत, आईच्या उशीपाशी, तो आधी थरथरला, मग बाजूला झुकला, आणि मग अगदी सावकाश, कुणाचंतरी बोट धरल्यासारखा, वर निघाला. आप्पांनी खडूने शेवटचा बाण काढला.

तिसऱ्या सकाळी मापकावर आकडा आला सत्तावीस. आणि एक गंमत झाली. भिंतीवरच्या दिव्याखालचा आकडा विसावरून चोवीसवर गेला होता!

"वाढला?" मंजुळा घाबरली.

"वाढणारच!" आप्पा खूश होऊन म्हणाले. "आता जाळीत माणसांचा श्वास पोचतोय. आता तो दिवा पहिल्यांदा आपल्याबद्दल बोलतोय." त्यांनी वस्तीच्या समितीला पत्र लिहिलं, चूक आपली होती हे पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि मागणी केली, की मापकं माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवीत, प्रत्येक रांगेत एक.

आईचं डोकं पहिले तीन दिवस दुखलं. चौथ्या दिवशी कमी दुखलं. पाचव्या दिवशी तिने फडकं बांधलं नाही आणि ते कुणाला सांगितलंही नाही. मंजुळाच्याच लक्षात आलं. डॉक्टर नसरीननी नाडी धरली, डोळे पाहिले, यादीचा कागद काढला आणि त्यावर काहीच न लिहिता परत खिशात ठेवला.

"माझं निदान चुकलं," त्या म्हणाल्या. "चंद्राला उगाच बोल लावला मी."

यान निघालं त्या दिवशी मायलेकी वरच्या काचेच्या खिडकीपाशी गेल्या. बाहेर राखी जमीन आणि काळं आभाळ. यानाचं इंजिन पेटलं. आवाज आला नाही, कारण बाहेर आवाज वाहून आणायला हवाच नाही. धुळीचा पडदा चारी बाजूंना फेकला गेला आणि यान दिसेनासं होताच जमिनीवर येऊन बसला. ना भोवरा, ना लोट. सगळं क्षणात स्तब्ध.

"बघ," आई म्हणाली. "या धुळीला उचलून धरणारं कुणी नाही. माळावर असती, तर संध्याकाळपर्यंत नाचली असती."

तिच्या आवाजात ती जुनी ओढ होतीच. ती काही कुठे गेली नव्हती.

मंजुळाने विचारलं, "आई, वारा अंगावर येतो तेव्हा भीती वाटते का?"

"पहिल्यांदा वाटेल तुला. एकदम ढकलतो. केस तोंडावर आणतो, काही बघू देत नाही. त्याच्याशी भांडायचं नाही. पाय घट्ट रोवायचे आणि जरासं पुढे झुकायचं, त्याच्या अंगावर."

"असं?" मंजुळा झुकली.

"आणखी थोडं. तो सांभाळतो."

"कधी जायचं?"

"वजनाचं जाकीट उद्यापासून घालणार असशील, तर दोन वर्षांनी. कुरकुर केलीस तर तीन."

मंजुळाने खिडकीच्या काचेवर कपाळ टेकलं. काळ्या आभाळात पृथ्वी निळी, अर्धी उजळलेली. तिच्यावर पांढऱ्या ढगांचे पट्टे होते, आणि ते कुणीतरी एका बाजूला फुंकर घातल्यासारखे वळले होते. आजवर तिला ती नुसती नक्षी वाटायची.

"आई," ती म्हणाली, "तो बघ. दिसतोय इथून."